टेक्ससमध्ये एक्स-रे टेक्नॉलॉजिस्टचं टेम्पररी आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, फरक काय?

दोन्ही तात्पुरतीच आहेत पण माणसं वेगळी. टेम्पररी म्हणजे कोर्स झालाय, फक्त परीक्षा बाकी आहे अशा फ्रेशरसाठी, एक वर्ष चालतं आणि रिन्यू होत नाही, त्यामुळे ते हातात आलं की लगेच एआरआरटीच्या (एक्स-रे टेक्नॉलॉजिस्टना सर्टिफिकेट देणारी अमेरिकेतली संस्था) परीक्षेची तारीख घ्या, नोकरी लागली आता निवांत असं अजिबात करू नका. त्या परीक्षेत पासिंग स्केल्ड स्कोअर ७५ (म्हणजे ठरावीक मोजपट्टीवर बसवलेले मार्क, ७५ टक्के नव्हे) आणि तीन वर्षांत तीनच चान्स.

प्रोव्हिजनल मात्र आधीच दुसऱ्या राज्यात लायसन्स असलेल्यांसाठी, मेन अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करता यावं म्हणून.

आता तुम्ही विचारलंय की पुण्याची बीएस्सी रेडिओलॉजी चालेल का, तर खरं सांगते, नुसत्या डिग्रीवर परीक्षेला बसता येत नाही, एआरआरटीला त्यांनी मान्य केलेला प्रोग्रॅमच लागतो, वर किमान असोसिएट डिग्री (अमेरिकेतली साधारण दोन वर्षांची कॉलेज डिग्री). ती कुठल्याही विषयातली चालते, त्यामुळे आपली बीएस्सी तिथे उपयोगी पडू शकते, तिचं इव्हॅल्युएशन (ती अमेरिकेतल्या कुठल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे याची तपासणी) आधी करून घ्या. आणि प्लीज, सर्टिफिकेट नसताना 'नुसतं बटण दाबायचंय' म्हणून कुठल्या क्लिनिकने मशीनवर उभं केलं तर सरळ नाही म्हणा, रेडिएशन पेशंटच्या अंगात जातंय.