नागपुरात उद्या सकाळी वडिलांचं पहिलं केटामाइन सेशन आहे (भुलीचं औषध, इथे डिप्रेशनसाठी, सलाइनमधून). काय तयारी करावी?

मुख्य भीती उलटीची आणि बीपी चढण्याची. म्हणून खाणं सहा तास आधी बंद (जड, तेलकट असेल तर आठ तास), साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. नागपूरच्या उन्हाळ्यात आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यायला लावा, नाहीतर शीर सापडायला त्रास होतो. बीपीची गोळी डॉक्टरांना विचारून घोटभर पाण्याबरोबर. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या (क्लोनाझेपाम वगैरे) चालू असतील तर आजच डॉक्टरांना सांगा, या गोळ्यांमुळे केटामाइनचा परिणाम कमी होऊ शकतो. स्वतःहून मात्र बंद करू नका, ते जास्त धोक्याचं.

नेहमीचा डोस किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, साधारण ४० मिनिटांत. त्या वेळात अंग हलकं, आवाज लांबून, वेळेचं भान नाही असं वाटतं. हे आधीच सांगून ठेवलं की माणूस घाबरत नाही. सैल बाह्यांचा शर्ट घाला. मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ नसतील तर तिथे करूच नका.

स्कूटर घरीच ठेवा. दुसऱ्या दिवशी नीट झोप झाल्यावरच गाडी, सह्या, व्यवहार.