पोलिसांवरच्या तक्रारींचा कायदा बदलायचाय, पण पोटापाण्याचं काय?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी बारावी कला शाखेत आहे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसांनीच का करायची, हा कायदाच बदलायला हवा, म्हणून ती वकील व्हायचं म्हणते. तुम्हाला दोन काळज्या आहेत: यात पोट भरेल का, आणि पोलिसांशी वैर तर येणार नाही ना.

वैराचं आधी बोलू. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र तक्रार प्राधिकरण हवं, हा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 22 सप्टेंबर 2006 रोजी ज्या याचिकेवर दिला, ती करणारे प्रकाश सिंह स्वतः उत्तर प्रदेशचे पोलीस महासंचालक होते. खोट्या तक्रारीत अडकलेल्या प्रामाणिक हवालदारालाही निःपक्ष चौकशीच वाचवते. हे काम पोलिसांच्या विरोधातलं नाही, ताई.

आता तिच्यासाठी. घोषणा सोडून कायद्याचा मजकूर वाचायला लाग. न्यायालयानं राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्या सांगितल्या होत्या, आणि प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक ठेवली होती. महाराष्ट्रानं 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली, तेव्हा जिल्ह्याच्या जागी विभाग, म्हणजे अनेक जिल्ह्यांचा गट, आला. रोजंदारी बुडवून विभागाच्या गावी हेलपाटे घालणाऱ्या माणसाला हा एक शब्द किती महाग पडतो, याचा विचार कर. शिवाय अपवादात्मक प्रकरणात कारणं नोंदवून प्राधिकरणाचा अहवाल नाकारण्याची मुभा सरकारनं स्वतःकडे ठेवली. कलम 22-पी (22P) पासून पुढची कलमं काढून निकालाशेजारी ठेव. इंग्लंड-वेल्समध्ये 2018 पासून काम करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे स्वतःचे तपास अधिकारी आहेत, तेही ताडून बघ. सुधारणेची खरी जागा मला तिथे दिसते: चौकशी करणारा माणूस कोणाच्या हाताखाली आहे?

शिक्षण म्हणाल तर बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम. राज्याची विधी सीईटी द्यावी, जमल्यास क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटमधून मिळतात. त्यांची फी मात्र जड असते. नुसत्या नावासाठी मोठं कर्ज काढू नका, शासकीय विधी महाविद्यालयातूनही हे काम करणारे वकील घडतात.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते. वकिलीची पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात, तेवढी तयारी घरानं ठेवायला हवी. पण वाटा आहेत. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींकडे विधी सहायक म्हणून मानधनावर काम मिळतं. पदवीनंतर खासदारांसोबत संसदीय कामकाज शिकवणारी ‘लॅम्प’ फेलोशिप आहे, आणि कायद्याचा मसुदा कसा तयार होतो हे कळायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर आता आधी तीन वर्षांची वकिली लागते.

बोर्डाची परीक्षा संपली की तिला जिल्हा न्यायालयात एखाद्या फौजदारी वकिलाकडे महिनाभर बसू द्या. एफआयआर, रिमांड अर्ज (आरोपीची कोठडी मागणारा), वैद्यकीय अहवाल हे कागद तिनं हातात घेऊन वाचावेत. त्यानंतरही तिचं म्हणणं हेच असेल, तर अर्ज भरायला मी बसेन तिच्यासोबत.