कामाची

चिऊ,

परवा व्हिडिओ कॉलवर तू माईआजीला तिच्या फोनमधली अक्षरं मोठी कशी करायची ते दाखवलंस. तीनदा, न कंटाळता. ती म्हणाली, "किती कामाची झालीस गं!" तू मला अर्थ विचारलास आणि मी घाईत सांगून टाकलं, "यूजफुल." रात्री झोपायला जाताना तू दारात थांबलीस. "मी वस्तू आहे का? मी यूजफुल नसते तर आजीला आवडले नसते का?" मी "तसं नाही गं" म्हणून दिवा मालवला. हे उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, अर्थ मी चुकीचा सांगितला. इंग्रजीत यूजफुल शब्द शोभतो तो नकाशाला, चाकूला, एखाद्या माहितीला. माणसाला लावला की तो बदलतो. 'ही इज यूजफुल टू अस' म्हटलं की पुढचं न बोललेलं वाक्य ऐकू येतं: काम संपलं की याची गरज नाही. 'मेक युवरसेल्फ यूजफुल' हे तर आर्जवापेक्षा दटावणंच जास्त. क्रिकेटमध्ये 'यूजफुल बोलर' म्हणजे बरा, फार मोठा नव्हे. तुला तो शब्द टोचला, कारण तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा आतलं आहे. हेल्पफुल म्हणाले असते तर कदाचित टोचलं नसतं, पण तेही अपुरंच. हेल्पफुल म्हणजे मदतीला तयार असलेली. कामाची म्हणजे जिच्या हाती काम निर्धास्त सोपवावं अशी.

आणि माणसाला वस्तूसारखं वागवण्याला मराठीत वेगळा शब्द आहे: वापरणं. 'मला वापरून घेतलं' असं रागाने म्हणतात. 'माझ्या कामी आला' हे कृतज्ञतेने. जुन्या बखरींत लढाईत मेलेल्या माणसाबद्दलही 'कामी आला' असं लिहितात. तिथे त्या शब्दात मान आहे.

इथवर मी माईची बाजू घेते आहे. पण तुझ्या प्रश्नाने मला दुसरंच काहीतरी आठवलं.

मी आठ वर्षांची असताना तापाने खूप दिवस अंथरुणात होते. उठले तेव्हा पाय लटपटायचे, हातातून भांडी पडायची. घरी आलेलं कुणीतरी माझ्यादेखत म्हणालं, "ही पोर काही कामाची नाही." बोलणारं माणूस वाईट नव्हतं, म्हणून नाव सांगत नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मी कुणी सांगायच्या आधीच उठायची. पाणी भर, अंथरुणं घाल, पाहुण्यांच्या चपला ओळीत लाव. शेवटी कुणीतरी "कामाची आहे हं" म्हणायचं, आणि त्यावर माझा दिवस निघायचा. अजूनही कुणाकडे गेले की माझे हात रिकामे राहत नाहीत, हे तू पाहतेस. ते प्रेमाने होतं की त्या जुन्या भीतीने, मला खरंच सांगता येत नाही. तेव्हा तुझा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. तो मी आठव्या वर्षी विचारायला हवा होता.

अण्णाआजोबा तुला आठवत नाहीत. शेवटची दोन वर्षं त्यांची उजवी बाजू गेली होती. एका दुपारी मी तिथेच असताना ते म्हणाले, "आता माझा काय उपयोग?" मला वाटलं, माई काहीतरी समजुतीचं बोलेल. ती आत गेली, लोकरीची लड घेऊन आली, एक टोक खुर्चीच्या पाठीला अडकवलं आणि दुसरं त्यांच्या डाव्या हातावर. "धरा जरा, मला गुंडा करायचाय." त्यांनी धरली. मध्येच हात खाली आला तर ती थांबायची, बोलायची नाही. आता ऐक: दोन खुर्च्यांना लड अडकवून माई एकटी गुंडे करायची. माझ्या लहानपणापासून मी तेच बघत आले होते. तिला त्यांच्या हाताची गरज नव्हती.

आणखी एक, तुला शब्द उलगडायला आवडतात म्हणून. यूज आणि उपयोगाच्या मुळातला 'युज्' सारखेच ऐकू येतात, पण त्यांचं नातं नाही. इंग्रजी यूज लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, मुळात वापरणं याच अर्थाचा. यूजुअल आणि युटेन्सिल त्याचेच भाऊबंद. आपल्या उपयोगातला 'युज्' संस्कृतातला आहे आणि त्याचा अर्थ जोडणं. योग, योग्य, संयोग हे सगळे त्यातलेच. त्याचं इंग्रजीतलं खरं भावंड आहे 'योक', बैलांच्या मानेवरचं जू. आणि हा 'जू' शब्दही त्याच घरातला.

म्हणून माईच्या तोंडी 'कामाची' हा शब्द आला की मला ती लड दिसते. तुला ती दिसायलाच हवी असं नाही. तो शब्द तुला नको असेल तर नको, मी पुन्हा लावणार नाही. माईला मी तुझा प्रश्न अजून सांगितलेला नाही. वाटलं तर रविवारी तूच विचार, मराठीत अडलीस तर मी शेजारी बसलेली असेन.

आई