लेकीची कथांची वही

ताई, नमस्कार.

खानापूर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक बेळगावात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, शाळा सगळी मराठी माध्यमातली. वर्गात तोंड उघडत नाही आणि रात्री वॉर्डातल्या कथा लिहीत बसते. ‘हिचं मन नर्सिंगमध्ये नाही का?’ असं तुम्ही विचारलंय. सोबतची कथा वाचून सांगते, मन पुरतं तिथंच आहे. (कथा तिला विचारून पाठवली असेल, अशी आशा.)

कथेतल्या मुलीला सिस्टर म्हणतात, ‘आजींच्या सलाईनकडे लक्ष ठेव.’ थोड्या वेळानं थेंब थांबतात. आजी कन्नडमधून काहीतरी सांगत हात पुढे करतात. पुढची ओळ: ‘मग सिस्टर आल्या आणि सगळं ठीक झालं.’

तिला काय शिकायचं राहिलंय, ते त्या ‘मग’मध्ये दडलंय. नळी दुमडली होती का? आजींचा हात वाकला होता का? सुईच्या जागी सूज किंवा लाली होती का? आपण काय बघायचं आणि कशाला हात न लावता लगेच सिस्टरांना हाक मारायची? हे प्रश्न तिनं वर्गात विचारले नसतील, पण कथेनं ते उघडे पाडले. तीच कथा तिला पुन्हा लिहू दे, या जागी थांबून, सावकाश. जे लिहिता येणार नाही, त्याचा प्रश्न करून ट्यूटरांकडे न्यावा. आजी काय म्हणाल्या, हाही त्यातलाच एक. आपल्याकडच्या वॉर्डात कन्नडशिवाय भागत नाही. कुठे दुखतंय, कधीपासून, दम लागतोय का, एवढं तरी वर्गातल्या कन्नड मैत्रिणीकडून शिकून घ्यावं.

ट्यूटरांना वही दाखवायला संकोच नको. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी नर्सनी सांगितलेल्या प्रसंगांचा अभ्यास करूनच, नवशिकी नर्स जाणती कशी होत जाते याच्या पाच पायऱ्या १९८४ मध्ये मांडल्या. ट्यूटरांना एकच विनंती करावी, कथेला गुण देऊ नयेत. गुणांची भीती आली की मुली जे जमलं तेवढंच लिहितात.

एका बाबतीत मात्र सूट नाही. पेशंटचं नाव, गाव, बेड नंबर वहीत नको आणि पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नको. केअर प्लॅन (पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा) आणि केस स्टडी (एका पेशंटचा सविस्तर अभ्यास) कॉलेजच्या पद्धतीनंच लिहायच्या, कथा त्यांच्या जागी चालणार नाही.

नर्सिंग सोडण्याचा विषय आत्ता घरात काढू नका. सुट्टीला आली की तिला कथा वाचून दाखवायला सांगा.