तशी म्हणजे कशी?

मेलबर्नहून एका आईचं पत्र आलंय. माहेर डिचोलीचं, लग्न आणि त्याची नोंदणी गोव्यातच झालेली, तिकडे जाऊन चौदा वर्षं झाली. ओळख पटेल असं सगळं काढून, जरा आटोपशीर करून देते.

‘लेक सोळा वर्षांची. परवा चार मराठी कुटुंबं जेवायला होती. सगळ्यांसमोर तिनं विचारलं, आई, तू फेमिनिस्ट आहेस ना? मी पटकन म्हणून गेले, छे गं, मी तशी नाही. ती म्हणाली, तशी म्हणजे कशी? मला सांगता येईना. नवरा म्हणाला, मी तर मानवतावादी, भांडणच नको. सगळे हसले, लेक ताट ठेवून उठली. माझी आई सध्या इथंच आहे. ती म्हणते, आमच्यात असलं काही नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नाही. मी नोकरी करते, घरात दोघं मिळून ठरवतो. मग हा शिक्का लावून घ्यायलाच हवा का? ता. क. – वडील गेल्यावर डिचोलीच्या घराचं वाटणीचं काम व्हायचं होतं, भावानं आता कागद पाठवलेत. सही करून वकिलातीतून मुखत्यारपत्र पाठवायचंय. त्या घाईत पत्र तुटक झालं, राग मानू नका.’

राग कसला! तुमच्या लेकीचा प्रश्न मात्र चोख आहे. ‘तशी’ हा आपल्याकडचा फार कामाचा शब्द. बाईबद्दल वाईट बोलायचं असेल तर विशेषण शोधावं लागत नाही, ‘ती तसली आहे’ म्हटलं की पुरतं. फोंड्यात मी शाळेत शिकवायचे तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत ‘स्त्रीमुक्तीवाली’ हा शब्द त्याच सुरात यायचा. कुणी सासूला उलट बोललं, कुणी केस कापले, कुणी नवऱ्याला चहा करायला लावला, झाली स्त्रीमुक्तीवाली. मीही हसायचे. कुणी मला विचारलं असतं तर तुमच्यासारखंच ‘छे’ म्हटलं असतं, तेही लगेच.

म्हणजे तुम्ही नाकारलंत ते स्त्रीवादाला नव्हे. त्या टेबलावर आपल्याला कोण काय म्हणेल, ते तुम्ही झटकलंत. लेकीला हे असंच सांगा. सोळाव्या वर्षी एवढं कळतं.

तुमच्या यजमानांच्या मानवतावादावर फार शाई घालवत नाही. १९७९ मध्ये मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला होता, आणि सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं होतं. त्या चौघांत दोन बायका होत्या आणि दोन पुरुष. त्यातल्या वसुधा धागमवार तर पुण्याच्याच. त्यावरून बायका देशभर रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरुषाला या गोष्टीत जागा आहे, फक्त ती जेवणाच्या टेबलावर विनोद करायची नाही.

आता तुमच्या आईकडे येऊ. ‘काही अडलं नाही’ हे त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या तरुणपणी गोव्याच्या मुख्यमंत्री शशिकला काकोडकर होत्या, १९७३ ते १९७९. तेव्हा देशात बाई मुख्यमंत्री म्हणजे बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्या गावात त्यांना नुसतं ‘ताई’ म्हणत, आणि ताईंनी राज्य चालवणं यात कुणाला वाद वगैरे दिसत नसे. शिवाय गोव्याचा नागरी कायदा. १८६७ चा पोर्तुगीज कायदा, १८७० पासून इथं लागू. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची मिळून, अर्धी अर्धी. मुलगा-मुलगी वारसा सारखा. मृत्युपत्र केलं तरी आपल्या वाट्याचा अर्धाच भाग मनासारखा देता येतो, उरलेला वारसांचा. हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडावं लागलं.

म्हणून तर आम्ही गोंयकार कॉलर ताठ करून सांगतो, आमच्याकडे सगळं आधीपासूनच आहे. (त्याच राजवटीच्या १८८० च्या हुकुमात हिंदू पुरुषाला सवलतही होती, बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही तर, तिच्या संमतीनं, दुसरी करावी. हे सांगताना कॉलर जरा सैल होते.)

पण कायद्यात बायकोची सही लागते, एवढ्यानं बायकोला कुणी विचारलं असं होत नाही. माझंच सांगते. वडील गेल्यावर वर्षभरानं भावानं बोलावलं. नोटरीकडे गेलो, मी आणि माझे यजमान, कारण जावयाचीही सही लागते. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा सोडल्याचा कागद, तोही इंग्रजीत. वाचणाऱ्यानं असा भरभर वाचला की मी, आयुष्यभर वाचायला शिकवणारी बाई, मान डोलावत बसले. पेन्सिलीच्या फुल्या होत्या तिथं तिथं सह्या केल्या. दाराशी आई म्हणाली, बरं झालं गो, माहेर राहिलं. भाऊ चांगला आहे, अजून चवथीला माझ्या आधी त्याचा फोन येतो. त्या जमिनीचं मला आजही काही वाटत नाही, बहुधा मी सोडलीच असती. पण ‘तुला काय वाटतं?’ असं त्या दिवशी त्या खोलीत एकाही माणसानं विचारलं नाही, मीसुद्धा स्वतःला नाही. हे कळायला मला पन्नाशी आली. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी ‘हो, आहे’ म्हणते. त्याआधी बायकांसाठी काही केलं नव्हतं असं नाही, पण आपण सही कुठं करतोय ते वाचायची सवय मला त्या शब्दानं लावली.

म्हणून तुमच्या पत्रातलं माझं लक्ष ता. क.वर अडकलं. शिक्क्याबद्दल पानभर आणि घराबद्दल दोन ओळी!

हिशेब असा. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि तुम्ही दोघंच भावंडं असाल, तर डिचोलीच्या घराची अर्धी मालकीण तुमची आई. तिला ते वारसा म्हणून मिळालेलं नाही, ते लग्नापासून तिचंच होतं. वडिलांच्या अर्ध्यात तुमचा आणि भावाचा सारखा वाटा, म्हणजे तुमच्याकडे घराचा चौथा हिस्सा. तुमचं लग्नही त्याच कायद्याखाली असेल तर त्या हिश्श्यावर यजमानांचीही सही मागतील. तुमच्या बाबतीत कुठं वेगळं आहे का, हे गोव्यातल्या वकिलाकडून पाहून घ्या. भावाच्या वकिलाकडून नको, स्वतःचा करा. तो काही अपमान नव्हे.

थोडक्यात, ‘आमच्यात असलं काही नव्हतं’ म्हणणारी घराची अर्धी मालकीण सध्या तुमच्या स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली असेल. त्यांना विचारा, शेवटची सही कुठल्या कागदावर केली, आणि त्यात काय होतं. खोदून नको, शेंगा निवडता निवडता. लेकीलाही तिथं बसवा, पण तिला आधी बजावा की आजीची परीक्षा घ्यायची नाही. हल्लीच्या मुलांना शब्द आधी मिळतो आणि मग त्या मापानं ती सगळ्यांना मोजत सुटतात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये पुरुषांना छापील जाब विचारला तेव्हा त्यांच्याकडे हा शब्द नव्हता. आजीकडेही नाही. आजी उत्तर देईल ते तिच्या भाषेत, कदाचित धालोच्या, म्हणजे आमच्याकडच्या बायकांच्या लोकनृत्याच्या, मांडावरच्या एखाद्या गीतातून, आणि नातीला ते पहिल्यांदा कळणारही नाही.

वाटा घ्या की सोडा, हे मी सांगणार नाही. माहेर हवं म्हणून सोडणाऱ्या शहाण्या बायका मी पाहिल्यात, आणि घेऊनही माहेर टिकलेल्याही. सोडायचं ठरलं तर आईला हयातभर त्या घरात राहता येईल हे कागदात लिहून घ्या, ‘भाऊ काय बाहेर काढणार आहे का’ असं कुणी म्हटलं तरी. भावाशी स्वतः फोनवर बोला, वहिनीमार्फत निरोप नको, त्यात तिला फुकट वाईटपणा येतो. बाराव्या मिनिटाला तो ‘तिकडे जाऊन तू बदललीस’ म्हणेल. म्हणू द्या.

आणि मसुदा मराठीत करून मागवा. तुमच्या आईला चष्मा लावून, सावकाश, स्वतः वाचता येईल असा.