जबडा वाजतो, हे केसपेपरवर होतं का?

प्रश्न : मी नागपूरची, वय २६. दोन वर्षं ब्रेसेस, मग खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली. आधीपासून कानाजवळ कटकट वाजायचं, ते डॉक्टरांना सांगितलं होतं. 'होईल बरोबर,' म्हणाले. आता तोंड दोन बोटंही उघडत नाही, पुढचे दात पुन्हा टेकत नाहीत. विचारलं, तर 'तुम्ही सही केली आहे' म्हणतात. शस्त्रक्रियेला वीस महिने झाले. केस होते का?

उत्तर : ताई, होऊ शकते. पण नुसता कानाजवळचा जबड्याचा सांधा बिघडला म्हणून नाही. डॉक्टरांच्या निष्काळजीपणावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून कसोटी एकच : त्या विषयातला साधारण जाणकार डॉक्टर असाच वागला असता का? समोरचा वकील म्हणेल, काही तरुण मुलींमध्ये या शस्त्रक्रियेनंतर सांध्याचं हाड झिजतं आणि चावा उघडतो, म्हणजे पुढचे दात टेकत नाहीत, त्यात डॉक्टरांचा काय दोष? झिजतं हे खरंच आहे. म्हणून तर तुमची ती जुनी कटकट महत्त्वाची. पहिल्या केसपेपरवर सांध्याची नोंद नसेल, तर तपासलं का नाही, हे विचारता येईल. नोंद असेल, तर माहीत असून धोका सांगितला का, हे विचारता येईल.

सहीला घाबरू नका. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय रुग्णाला पुरेसे समजावल्यावरच संमती खरी ठरते. आदल्या रात्री छापील इंग्रजी फॉर्म पुढे सरकवला असेल, तर तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

आधी कागद गोळा करा. लेखी अर्ज देऊन पोच घ्या : केसपेपर, आधीचे-नंतरचे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि दातांचे प्लास्टरचे साचे. साचे मागायचं सगळे विसरतात. मग नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासून घ्या. तिथे 'चूक कोणाची' विचारू नका, कोणी लिहून देणार नाही. तोंड किती मिलिमीटर उघडतं (साधारण ४० उघडायला हवं), तेवढं नोंदवून मागा.

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे मुदत दोन वर्षांची, म्हणजे तुमच्या हातात चार महिने. वकिलाची नोटीस पाठवल्याने ती थांबत नाही, 'अजून सहा महिने स्प्लिंट (सांध्याला आराम देणारी दातांवरची पट्टी) लावून बघू' असं डॉक्टरांनी म्हटल्यानेही नाही. स्प्लिंट लावा, पण तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करून. उपचारांना पाच लाखांपर्यंत मोजले असतील, तर आयोगाची फीही नाही.

पोलिसांत मात्र आत्ता जाऊ नका. फौजदारीला घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तुम्ही लिहिलंय त्यात तो मला दिसत नाही.