मराठी मजकूर, स्क्रीन रीडर आणि ब्रेल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न विंडोजवरील एनव्हीडीए या स्क्रीन रीडरविषयी, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये वाचून दाखवणाऱ्या प्रणालीविषयी आहेत. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने 2006 मध्ये तो लिहायला घेतला, पुढच्या वर्षी जेम्स टेह यांच्यासह त्यासाठी संस्था उभी केली, आणि आजही तो विनामूल्य व मुक्त स्रोत आहे. खाली जिथे ‘एनव्हीडीए कळ’ असे म्हटले आहे तिथे इन्सर्ट ही कळ समजावी. लॅपटॉपवर ती सोयीची नसेल, तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅप्स लॉकलाही हेच काम देता येते.

प्रश्न : माझी दृष्टी गेली, तरी बँकेतील नोकरी चालू ठेवायची आहे. शिकवणाऱ्यांनी कमांडची लांबलचक यादी दिली, ती पाठ होत नाही, आणि आवाज इतका भरभर बोलतो की शब्द हाती लागत नाहीत. सुरुवात कुठून करू? (सातारा)

ती यादी तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या आठवड्यात अगदी मोजक्या कमांड पुरतात, आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची म्हणजे बोलणे थांबवणारी कंट्रोल कळ. यंत्र आपल्याला हवे तेव्हा गप्प बसते हा विश्वास बसला की मनावरचा ताण लगेच कमी होतो. बोलणे तात्पुरते थांबवून तिथूनच पुढे ऐकायचे असेल तर शिफ्ट दाबा. आपण कुठे आहोत हे विसरल्यास एनव्हीडीए कळीबरोबर टॅब दाबल्यावर फोकस कशावर आहे, म्हणजे आत्ता कोणते बटण, लिंक किंवा चौकोन निवडलेला आहे, ते कळते, आणि टी दाबल्यावर खिडकीचे शीर्षक ऐकू येते. एनव्हीडीए कळीबरोबर 1 दाबले की कीबोर्ड मदतीच्या अवस्थेत जातो. मग कोणतीही कळ दाबा, ती काय करते ते ऐकू येते, पण प्रत्यक्षात काहीही घडत नाही. पुन्हा तेच दाबले की नेहमीचे काम सुरू. पाठांतरापेक्षा असे रोज थोडे चाचपडणे कितीतरी उपयोगी पडते, कारण बोटांना जे कळते ते टिकते.

आवाजाचा वेग निःसंकोच कमी करा. एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबल्यावर आवाजाच्या सेटिंग उघडतात, तिथे गतीची पट्टी बाणांनी खाली आणता येते. अनुभवी माणसे फार वेगाने ऐकतात हे खरे, पण तो वेग महिनोन्‌महिन्यांच्या सवयीने आपोआप चढतो. नवशिक्याला त्याच वेगावर बसवणे हा मला शिकवण्यातला गंभीर दोष वाटतो, कारण न कळलेले वाक्य माणूस पुन्हा ऐकत नाही, अंदाजाने पुढे जातो, आणि बँकेच्या कामात असा अंदाज चालत नाही. आणखी एक लक्षात ठेवा : एनव्हीडीए कळीबरोबर चुकून एस दाबला गेला तर आवाज बंद होऊ शकतो. संगणक बिघडला असे समजून घाबरू नका. बोलणे परत येईपर्यंत तीच जोडी पुन्हा दाबत राहा. तरीही काही ऐकू आले नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन यांनी एनव्हीडीए नव्याने सुरू होतो.

प्रश्न : वृत्तपत्राची मराठी बातमी छान वाचली जाते, पण कार्यालयातून आलेले मराठी परिपत्रक उघडले की इंग्रजी अक्षरांची निरर्थक बडबड ऐकू येते. आवाज बदलून पाहिला, फरक पडला नाही. (छत्रपती संभाजीनगर)

आवाजाचा यात काही दोष नाही, दोष मजकुरात आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी छपाईसाठी जे फॉन्ट तयार झाले, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची नुसती चित्रे बसवलेली होती. पडद्यावर आणि कागदावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेले असते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. डोळसाला आकार दिसतो म्हणून त्याचे अडत नाही. स्क्रीन रीडर आकार पाहतच नाही, तो साठवलेला क्रमांक वाचतो, आणि म्हणून तुमच्या कानी ती बडबड येते.

फाइल कोणत्या प्रकारची आहे हे स्वतः तपासता येते. शंका असलेल्या अक्षरावर कर्सर नेऊन नंबर पॅडवरील 2 तीनदा पटकन दाबा; लॅपटॉपच्या मांडणीत एनव्हीडीए कळीबरोबर पूर्णविराम तीनदा दाबावा. अक्षराचा क्रमांक ऐकू येईल. देवनागरीचा युनिकोड पट्टा 2304 ते 2431 असा आहे. ‘क’चा क्रमांक 2325, ‘ळ’चा 2355. असा आकडा आला तर मजकूर योग्य आहे आणि प्रश्न आवाजाचा किंवा भाषेच्या सेटिंगचा आहे. 65 किंवा 112 असा लहान आकडा आला, तर तो जुन्या फॉन्टमधला मजकूर आहे हे निश्चित समजा.

त्यावर पहिला उपाय म्हणजे पाठवणाऱ्याकडे युनिकोडमधील प्रत मागणे. यात संकोच नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम स्वरूपात उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासनावर आहे, आणि लेखी विनंतीत हा आकड्यांचा पुरावा जोडला की ‘आमच्याकडे तर नीट दिसते’ हे उत्तर टिकत नाही. दुसरा उपाय फॉन्ट परिवर्तकाचा. मूळ फॉन्टचे नाव माहीत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. एनव्हीडीए कळीबरोबर एफ दाबल्यावर फॉन्टचे नाव बहुधा कळते. मात्र बदललेला मजकूर तसाच पुढे पाठवू नका. रफार, ‘ज्ञ’, ‘ऱ्या’ आणि ऱ्हस्व वेलांटी या जागा हमखास घोटाळ्याच्या आहेत, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर.

पीडीएफ हे स्कॅन केलेले छायाचित्र असेल, तर त्यात अक्षरेच नसतात आणि स्क्रीन रीडर गप्प राहतो. तेव्हा अक्षरओळख करणारे साधन लागते. टेसेरॅक्ट हे मुक्त स्रोत साधन मराठी ओळखते. स्वच्छ छपाईवर त्याचे काम समाधानकारक असते, पुसट शिक्क्यांवर आणि हस्ताक्षरावर नसते.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन अर्ज भरताना मी टॅब दाबत पुढे जातो. सूचना सुटतात, आणि कधी कधी नाव लिहायला लागलो की कर्सर भलतीकडेच उड्या मारतो. (नांदेड)

वेबपानावर एनव्हीडीए दोन अवस्थांत काम करतो : एक वाचण्याची, दुसरी लिहिण्याची. वाचण्याच्या अवस्थेत अक्षरे ही लिहिण्यासाठी नसून हिंडण्यासाठी असतात. एच दाबला की पुढचे शीर्षक, के दाबला की पुढची लिंक, ई दाबला की लिहिण्याचा पुढचा चौकोन. तुम्ही याच अवस्थेत नाव लिहू लागलात म्हणून त्या उड्या. चौकोनावर येऊन एंटर दाबा, अवस्था बदलल्याचा छोटा ध्वनी ऐकू येईल, मग लिहा; लिहून झाल्यावर एस्केपने परत वाचण्याकडे या. एनव्हीडीए कळीबरोबर स्पेस दाबूनही अवस्था बदलते, पण तशी बदलल्यास परत येतानाही तीच जोडी वापरावी लागते.

टॅब फक्त लिंक, बटणे आणि चौकोनांवर थांबतो. ‘नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहावे’ यासारखी ओळ साधा मजकूर असल्यामुळे टॅब तिला ओलांडून जातो. म्हणून अर्ज भरण्याआधी तो खाली-वर बाणांनी एकदा पूर्ण वाचून काढा, वेळ गेला तरी चालेल. एनव्हीडीए कळीबरोबर एफ 7 दाबल्यास पानावरील शीर्षके, लिंक, बटणे यांची यादी मिळते, आणि ‘जतन करा’ हे बटण कुठे दडले आहे ते तिथे चटकन सापडते. अर्ज नाकारला गेला तर एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि एफ दाबून पानात ‘चूक’, ‘आवश्यक’ असे शब्द शोधावेत. लांब उत्तरे आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवा आणि नंतर चिकटवा, कारण अनेक संकेतस्थळे थोड्या वेळाने आपोआप बाहेर काढतात.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, जन्मापासून पाहू शकत नाही. ती सगळा अभ्यास संगणकाच्या आवाजावर करते. शाळेतले एक शिक्षक म्हणतात की आता ब्रेलची गरज उरली नाही. पडद्यावरील मजकूर बोटाखाली ठिपक्यांत उमटवणारा ब्रेल डिस्प्ले महाग असतो, म्हणून निर्णय होत नाही. (नागपूर)

शिक्षकांच्या या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे, आणि मराठी शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर अधिकच. आवाज मजकूर सांगतो, पण शब्द कसा लिहिला आहे ते सांगत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द संगणकाच्या आवाजात जवळजवळ सारखे ऐकू येतात, ‘कोश’ आणि ‘कोष’ यांत तर फरकच कळत नाही. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर 1 ते 6 असे क्रमांक असलेल्या ठिपक्यांतून बनते, आणि तिथे मात्र दोन्ही जोड्या बोटाखाली स्पष्ट वेगळ्या लागतात. ‘दिन’ लिहिताना ‘द’नंतर 2 आणि 4 हे ठिपके येतात, ‘दीन’मध्ये त्याच जागी 3 आणि 5; ‘श’ म्हणजे 1, 4, 6 आणि ‘ष’ म्हणजे 1, 2, 3, 4, 6. अक्षराक्षरावर थांबून ऐकले तर आवाजातूनही हे कळते, पण शंका आली तरच माणूस थांबतो. वाचता वाचता शब्दाचे रूप आपोआप बोटांत मुरणे हे फक्त ब्रेलने होते, आणि शुद्धलेखन त्यातूनच येते.

आपल्याकडे वापरली जाते ती भारती ब्रेल 1951 मध्ये ठरली, आणि तिची घडण उच्चाराप्रमाणे आहे. वेलांटी व्यंजनाच्या नंतरच येते. जोडाक्षरात हलन्ताचा 4 हा ठिपका व्यंजनाच्या आधी लागतो. ‘मऊ’ लिहिताना ‘म’ आणि ‘ऊ’ यांच्यामध्ये ‘अ’चा एक ठिपका घालावा लागतो, नाहीतर ते ‘मू’ होते. तुमची मुलगी हे कागदावर शिकली असेल, तर डिस्प्लेवर तिला नवे काही शिकावे लागणार नाही. फक्त तिथे सहाऐवजी आठ ठिपके असतात. खालचे 7 आणि 8 कर्सर व निवडलेला मजकूर दाखवायला वापरले जातात.

खरेदीविषयी. वीस घरांचा, म्हणजे एका वेळी वीस ब्रेल चिन्हे दाखवणारा डिस्प्ले शाळेला पुरतो. ओळ लहान असल्याने सारखे पुढे सरकवावे लागते, पण वह्या, धडे, उत्तरे यांचे काम होते. चाळीस घरांचा आरामदायक, आणि तक्ते असलेल्या कामाला फार उपयोगी. पण तो नोकरीच्या वेळी घेता येईल. घेण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर विचारा : एनव्हीडीएच्या यादीत ते यंत्र आहे का, आणि प्रत्येक घरावर कर्सर तिथे आणणारे छोटे बटण आहे का. स्वस्त यंत्रांत हे बटण कधी कधी नसते, आणि मग ओळीतील एक चुकलेली वेलांटी सुधारायला बाणांनी तिथवर चालत जावे लागते. ज्या मुलीने शुद्धलेखनासाठी ब्रेल घ्यायचे, तिच्यासाठी मी या बटणावर तडजोड करणार नाही.

यंत्र जोडल्यावर एनव्हीडीएच्या ब्रेल सेटिंगमध्ये डिस्प्ले ‘स्वयंचलित’ ठेवला तर बहुतेक यंत्रे आपोआप ओळखली जातात. त्याखाली ब्रेल तक्त्यांची, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणते ठिपके हे ठरवणाऱ्या नियमसंचांची यादी असते, तिच्यात मराठीचा तक्ता निवडायचा. हे राहून गेले तर बोटाखाली भलतेच ठिपके येतात आणि यंत्राला दोष दिला जातो. इंग्रजीच्या पुस्तकासाठी इंग्रजी तक्ता लागतो, म्हणून मराठी आणि इंग्रजी अशी दोन वेगळी प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे जतन केलेले संच, करून ठेवा. एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि पी यांनी ती बदलता येतात. रोज काही वेळ आवाज बंद करून तिला केवळ बोटांनी वाचू द्या. सुरुवातीला ती कंटाळेल, कारण आवाजाच्या मानाने वेग फार कमी वाटतो, पण तो वेग सरावाने वाढतो. यंत्र परवडेपर्यंत कागदी ब्रेल सुटू देऊ नका.

प्रश्न : मराठी टाइप करण्यासाठी इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी करणारी पद्धत बरी की इनस्क्रिप्ट? (कोल्हापूर)

न पाहता टाइप करणाऱ्याने इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेली कीबोर्डची मांडणीच शिकावी. स्पेलिंगवरून मराठी करणाऱ्या बऱ्याच साधनांत पर्यायांची यादी येते, आणि प्रत्येक शब्दाला ती ऐकत बसावे लागते. इनस्क्रिप्टमध्ये एक कळ म्हणजे एक ठरलेले चिन्ह. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि क्रम उच्चाराचा, म्हणजे अगदी भारती ब्रेलसारखा. कीबोर्डवरील दोन उंचवट्यांखाली ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ येतात, तिथून बाकीच्या जागा बोटांना सापडतात. ‘दऱ्या’मधील ‘ऱ’ शिफ्टसह ‘र’च्या कळीवर मिळतो, त्यानंतर हलन्त आणि मग ‘य’. शिकताना एनव्हीडीए कळीबरोबर 2 दाबून टाइप केलेले प्रत्येक अक्षर ऐकत जा. खोडताना एक फरक ध्यानात असू द्या : बॅकस्पेस जोडाक्षरातील फक्त शेवटचे चिन्ह काढतो, तर डिलीट बहुधा पूर्ण जोडाक्षर घेऊन जातो.

प्रश्न : माझे यजमान स्क्रीन रीडर वापरतात. त्यांना मदत करताना तो वेगवान आवाज मला समजत नाही. शिवाय कार्यालयात त्यांच्या मागे उभे राहून कुणीही पडदा वाचू शकते, याचीही काळजी वाटते. (फोंडा, गोवा)

एनव्हीडीएच्या मेनूत टूल्सखाली स्पीच व्ह्यूअर आहे. तो उघडला की बोलला जाणारा प्रत्येक शब्द एका खिडकीत लिहून दिसतो, आणि तुम्ही आवाज न ऐकताही सोबत चालू शकता. शेजारीच ब्रेल व्ह्यूअर आहे, त्यात डिस्प्लेवर काय उमटते ते दिसते. दुसऱ्या काळजीसाठी स्क्रीन कर्टनची सोय आहे : एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि एस्केप एकदा दाबल्यास पडदा पूर्ण काळा होतो, आवाज आणि ब्रेल मात्र चालू राहतात, आणि एनव्हीडीए पुन्हा सुरू करेपर्यंत तो तसाच राहतो. त्याबरोबर हेडफोन लावायला त्यांना सांगा, नाहीतर पडदा झाकूनही पासबुकातले आकडे खोलीभर ऐकू जातील.